रूपाची मोकळीक, रूपधाऱ्याची ओळख : कल्याण ते बेंगळुरू

२०१९ च्या सप्टेंबरच्या आरंभी बेंगळुरूच्या हेरोहळ्ळी भागातील तुंगानगर रस्त्यावर रात्री अंतराळवीराच्या वेषातील एक माणूस चालताना दिसला. पावले संथ आणि तरंगती होती, भोवतालची जमीन खड्ड्यांची आणि धुळीची होती. चंद्रपृष्ठाचा हा आभास बाजूने एक रिक्षा गेली तेव्हा मोडला. हे दृश्य बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने रचले होते आणि वेष एका नटाने घेतला होता. ‘चांद्रयान-२’ चे अवतरण-यान ७ सप्टेंबरला चंद्रावर उतरायचे होते आणि अवकाश संशोधन संस्थेचे मुख्यालय याच शहरात आहे, म्हणून सोंगाचा रोख कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि तत्कालीन बृहत् बेंगळुरू महानगर पालिकेने त्या रस्त्याची दुरुस्ती लगोलग हाती घेतली. याच चित्रकाराने २०१५ मध्ये सुलतानपाळ्य भागातील पाणी साचलेल्या खड्ड्यात सुमारे २० किलो वजनाची कृत्रिम मगर ठेवली होती. त्याही वेळी पालिकेला जाग आली होती.

शेकडो अर्जांनी जे साधत नाही ते एका सोंगाने साधावे, ही गोष्ट नवी नाही. कन्नड आणि मराठी भाषकांच्या सामाईक प्रदेशात तिला किमान नऊशे वर्षांची परंपरा आहे. रस्त्यावर रूप घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला जे बोलण्याची आणि वागण्याची मोकळीक मिळते, ती एरवी त्याच माणसाला मिळत नाही. ही मोकळीक नेमकी कोणाची, त्या रूपाची की रूप घेणाऱ्याची, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. साहित्याच्या इतिहासात या दोहोंची फारकत कशी होत गेली, हे कल्याण, पैठण, तंजावर आणि बेंगळुरू या चार ठिकाणांच्या आधारे पाहता येते.

१

‘सोंग’ या शब्दाला मराठीत दोन परस्परविरोधी अर्थ आहेत. सोंग करणे म्हणजे ढोंग करणे, फसविणे. आणि सोंग आणणे म्हणजे रूप घेऊन लोकांसमोर येणे. दुसऱ्या अर्थाशी ‘संपादणे’ हे क्रियापद जोडलेले आहे. सोंग घेणे पुरेसे नसते, ते संपादावे लागते, म्हणजे पाहणाऱ्यांच्या पसंतीस उतरवावे लागते. बहुरूप्याचा सारा व्यवसाय या क्रियापदावर उभा आहे.

त्याच्या व्यवसायाची रीत पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. बहुरूपी गावात येतो तो दिवसा. त्याला रंगमंच, पडदा, दिव्यांचा उजेड यांपैकी काही नसते. कन्नडमध्ये या कलेचे नावच ‘हगलुवेष’, दिवसाचा वेष, असे आहे आणि तेलुगूतील ‘पगटि वेषालु’ या नावाचाही अर्थ तोच. रोज वेगळे रूप घेऊन तो दारोदार आणि बाजारातून फिरतो: आज शंकर, उद्या साधू, परवा सावकार किंवा शिपाई. शेवटच्या दिवशी तो मूळ ओळखीने येऊन धान्य आणि पैसे मागतो. हा शेवटचा दिवस निर्णायक असतो. तोवर जे काही झाले ते सोंग होते, हे त्या दिवशी दोन्ही बाजू मान्य करतात आणि त्याचा मोबदला ठरतो.

महाराष्ट्रात पोलिसाच्या वेषात दारात उभा राहून घरधन्याला वॉरंट बजावणारा बहुरूपी कित्येकांनी पाहिलेला आहे. तो दरडावतो, आरोप वाचतो, भलतीसलती कलमे लावतो. घरची मंडळी क्षणभर दचकतात, मग हसतात. हसू येते ते ओळख पटल्यामुळे. बहुरूप्याचे स्वातंत्र्य लपण्यातून येत नाही, ते ओळखले जाण्यातून येते. पाहणाऱ्याला सोंग हे सोंग म्हणून कळलेले असते, आणि कळूनही तो काही काळ ते खरे मानतो. या अलिखित कराराच्या बळावर एरवी ज्याला ओटीवरही बसू दिले जाणार नाही असा माणूस पाटलाला दरडावू शकतो आणि सावकाराची नक्कल सावकारासमोर करू शकतो.

२

या कराराचे साहित्यातील सर्वांत जुने साक्षीदार कल्याणात भेटतात. बाराव्या शतकात कळचुरी बिज्जलाच्या काळी कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणमध्ये, बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांमध्ये बहुरूपी चौडय्या हा वचनकार होता. शरणांच्या नावांमागे त्यांचे व्यवसाय लागलेले असतात. मडिवाळ माचय्या परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, तसा हा चौडय्या व्यवसायाने बहुरूपी. ‘रेकण्णप्रिय नागिनाथ’ या मुद्रेने त्याची वचने उपलब्ध आहेत. वचनवाङ्मयाची भूमिका अशी की कायक, म्हणजे उपजीविकेचे काम, हेच उपासनेचे साधन होय. त्यामुळे चौडय्याला आपला धंदा सोडून शरण व्हावे लागले नाही. तो बहुरूपी म्हणूनच बोलला. रूप घेणे आणि टाकणे, प्रेक्षकांसमोर उभे राहणे, रूपांच्या मागे उरणारा तो कोण, हे सारे त्याच्या आध्यात्मिक परिभाषेचे द्रव्य झाले.

चौडय्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त बहुरूपी पुन्हा भेटतो. तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहासाठी कर्म करणाऱ्या ज्ञान्याचे वर्णन करताना ज्ञानदेव राजा-राणीचे सोंग आणणाऱ्या बहुरूप्यांचा दृष्टांत देतात. आपण खरोखर स्त्री वा पुरुष आहोत असा भाव त्यांच्या मनात नसतो, तरी लोकांसमोर ते आपली भूमिका यथासांग पार पाडतात. ज्ञान्यानेही कर्म तसेच करावे. येथे संपादणीची कल्पना तिच्या पूर्ण तात्त्विक उंचीवर पोचलेली दिसते. आतून अलिप्त आणि बाहेरून संपूर्ण तन्मय असणे, हे बहुरूप्याचे कसब ज्ञान्यासाठी आदर्श ठरते.

तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने या दोन स्थळांतील साम्यापेक्षा त्यांतील फरक अधिक बोलका आहे. कन्नड वचनात बहुरूपी स्वतः बोलतो आणि तो कर्ता आहे. मराठी ओवीत बहुरूप्याविषयी बोलले जाते आणि तो दृष्टांत आहे. एका प्रदेशातील एकच लोककला शंभर वर्षांच्या अंतराने दोन भाषांच्या आरंभीच्या थोर ग्रंथपरंपरांत येते, आणि येताना ती प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात सरकलेली असते. चौडय्याचा प्रभाव ज्ञानदेवांवर पडला असा याचा अर्थ नव्हे, आणि तसे म्हणायला आधारही नाही. दृष्टांतात बहुरूप्याचा गौरवच आहे. परंतु रूपाची मोकळीक रूपधाऱ्यापासून वेगळी काढून घेता येते, ही शक्यता येथे प्रथम दिसते.

३

पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) ही शक्यता पूर्णत्वास नेली. त्यांच्या भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी भक्तीण अशी गावगाड्याच्या कडेने फिरणारी अनेक माणसे प्रथमपुरुषी बोलतात. ‘जोहार’ या प्रकारात तर गावकामगार महाराचा आवाज आहे. तो धन्याला जोहार घालतो आणि काया-नगरीच्या कारभारातील अनागोंदीचा हिशेब मांडतो. शेवटी ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते आणि रूपाच्या मागचा माणूस कळतो. बहुरूपी शेवटच्या दिवशी मूळ ओळखीने येतो, तशीच ही मुद्रा आहे.

एकनाथांनी घेतलेल्या मोकळिकीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. वेदाध्ययनाचा अधिकार असलेल्या घराण्यातील माणसाने ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्याच्या वाणीतून ज्ञान सांगणे, हा सोळाव्या शतकातील पैठणमध्ये लहानसहान धीटपणा नव्हता. भारूड हे वाचायचे नसून आणायचे असते. वेष घेऊन, संवाद जोडून, वेळप्रसंगी गावातील ताज्या घडामोडींवर टिप्पणी करून ते सादर होते, त्यामुळे बहुरूप्याच्या कलेशी त्याचे नाते रक्ताचे राहिले. तथापि रूप घेतल्यावर एकनाथ परत पैठणच्या वाड्यात येऊ शकत होते. जोहार घालणाऱ्याला मात्र ते रूप उतरवून ठेवण्याची सोय नव्हती. त्याच्या बाबतीत ते सोंग नव्हतेच. सोंगाचे स्वातंत्र्य सोंग टाकता येणाऱ्यालाच मिळते, ही या परंपरेची मर्यादा भारुडातच प्रथम नजरेस येते.

४

मराठीचा बेंगळुरूशी संबंध येतो तो शहाजीराजांच्या जहागिरीमुळे. विजापूरकरांच्या १६३८ च्या कर्नाटक स्वारीनंतर बेंगळुरू त्यांच्याकडे आले. नाशिक परिसरातून तेथे गेलेल्या जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त या दरबाराचे चित्र आहे. वि. का. राजवाड्यांनी तो ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या दरबारात अनेक भाषांचे कवी आपली कवने सादर करतात आणि स्वतः जयराम एका भाषेतून दुसऱ्या भाषेत लीलया जातो. रस्त्यावरचा बहुरूपी जसे वेष बदलतो, तशी येथे कवीने भाषा बदलावी अशी अपेक्षा दिसते.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी बेंगळुरूहून दक्षिणेकडे सरकले आणि १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावरचे राज्य मिळविले. तेथील भोसले राजांच्या आश्रयाने मराठी नाटकाची एक स्वतंत्र परंपरा निर्माण झाली आणि तिने दक्षिणेतील ‘कुरवंजी’ हा नाट्यप्रकार आपलासा केला. कुरवंजी म्हणजे डोंगराळ मुलखातून आलेली, हात पाहून भविष्य सांगणारी भटकी स्त्री. तमिळ कुरवंजी नाटकांचा साचा ठरलेला असतो. विरहिणी नायिकेच्या दारी ही बाई येते, आपल्या डोंगराचे आणि पाहिलेल्या मुलखांचे वर्णन करते, मग हात पाहून प्रियकराची भेट होईल असे सांगते. तिला राजवाड्याचे दार उघडे असते, कारण ती परकी असते. जग पाहिल्याचा दावाही तीच करू शकते, कारण ती कुठलीच नसते.

सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी मराठीत रचलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’त या साच्याचा उपयोग असामान्य चातुर्याने केलेला आहे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाला नव्या भूगोलाचे ज्ञान झालेले होते. पुराणांतील सप्तद्वीपांच्या जागी आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका हे खंड मांडायचे कसे, हा प्रश्न होता. राजाने ते काम कुरवंजीवर सोपविले. इंद्राणीच्या दारी आलेली ही भटकी बाई आपण पाहिलेला मुलूख म्हणून सारी पृथ्वीच वर्णून सांगते. पंडिताने सांगितले असते तर वाद उभा राहिला असता. कुरवंजीने सांगितले तर ते तिच्या परंपरागत अधिकारातच बसते. नवे ज्ञान जुन्या सोंगातून दरबारात शिरते.

तंजावरचे हे रूप सव्वाशे-दीडशे वर्षांनी बेंगळुरूत एका नव्या माध्यमात प्रकटले. १९४२ मध्ये डॉ. एम. शिवराम यांनी तेथून कन्नड विनोदी मासिक काढले, त्याचे नाव ‘कोरवंजी’. हे मासिक १९६७ पर्यंत चालले. पुढे मुंबईत व्यंगचित्रकार म्हणून देशाला परिचित झालेल्या आर. के. लक्ष्मण यांची आरंभीची चित्रे त्यात येत. ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या आणि युद्धकालीन निर्बंधांच्या त्या वर्षात संपादकाने आपल्या उपहासासाठी हे नाव निवडावे, यात त्या परंपरेची अचूक जाण दिसते. कोरवंजी दारात येते, हात पाहते, हसत हसत कटू सत्य सांगते आणि तिच्यावर कोणी रागावत नाही. ‘देवेंद्र कुरवंजी’ संपादकाच्या समोर होती असे मानण्याचे कारण नाही. कोरवंजीचे रूप कन्नड लोकपरंपरेलाही परिचितच होते. तथापि राजवाड्यातील नाटक आणि शहरातील मासिक या दोहोंनी त्या भटक्या बाईकडून एकच गोष्ट उसनी घेतली: कोणाच्याही दारात जाऊन बोलण्याचा परवाना.

५

ज्यांच्याकडून हा परवाना घेतला त्यांचे काय झाले, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. कोरवंजी ज्या कोरव समूहातील, त्यांच्या भटकेपणाकडे वसाहतकालीन शासनाने वेगळ्या नजरेने पाहिले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात नेली आणि मद्रास इलाख्यात कोरवांच्या अनेक शाखांवर त्याखाली शिक्का बसला. नोंद झालेल्याचे बोटांचे ठसे घेतले जात, त्याला ठरावीक काळाने हजेरी द्यावी लागे आणि त्याच्या हालचालींवर निर्बंध घालता येत. १९४२ मध्ये बेंगळुरूत कागदावरची कोरवंजी घरोघर मोकळेपणाने जाऊ लागली, तेव्हा शेजारच्या मद्रास इलाख्यात तिच्या जातभाईंना गावाबाहेर जाण्यासाठीही परवानगी लागू शकत होती. रूपाची मोकळीक आणि रूपधाऱ्याचा बंदिवास एकाच वर्षात, शेजारशेजारच्या दोन राज्यांत नांदत होते.

कायद्याला सोंग आणि फसवणूक यांतील भेद कळत नव्हता, असे म्हणता येत नाही. १८६० च्या भारतीय दंडविधानातील १७१ वे कलम सरकारी नोकराचा वेष घेण्याविषयी आहे. केवळ वेष घेणे हा तेथे गुन्हा नाही. आपण खरोखर सरकारी नोकर आहोत असे लोकांनी मानावे हा हेतू, किंवा ते तसे मानण्याचा संभव आहे याची जाणीव, असेल तर तो गुन्हा. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद २०५ व्या कलमात आलेली आहे. खोट्या वॉरंटवर घरच्यांना हसविणाऱ्या बहुरूप्याला या कसोटीचे भय असण्याचे कारण नाही. त्याचा करारच मुळी न फसण्याचा आहे. या कलमाने कृतीकडे पाहिले. गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाकडे पाहिले, आणि तेथे कोणतीच संपादणी कामास येणार नव्हती.

तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, पण ती दृष्टी गेली नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमात भीक मागण्याची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे यांच्या मिषाने सार्वजनिक जागी दान मागणे हेही त्यात घातलेले आहे. महाराष्ट्रात ज्या बहुरूप्यांची गणना भटक्या जमातींत होते, त्यांची कला या व्याख्येत ‘मिष’ ठरते. संपादणीच्या मोबदल्याला भीक म्हटले की संपादणीच उरत नाही. ‘सोंग’ या शब्दाचा पहिला अर्थ दुसऱ्याला गिळून टाकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या.

६

त्याच २०१८ मध्ये, या निकालाच्या आधीच्या काही आठवड्यांत, तीन घटना घडल्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय हा इतिहास आजच्या काळापर्यंत येत नाही. २३ मे रोजी बेंगळुरूच्या चामराजपेट भागात राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला मुले पळविणारा समजून जमावाने बेदम मारले आणि त्यात त्याचा अंत झाला. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची याच संशयावरून हत्या झाली. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा परंपरागत जीवनक्रम, आणि यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातील होते. त्याच जुलै महिन्यात बेंगळुरूच्या हलसूर गेट वाहतूक पोलिसांनी एका रंगकर्मीला यमाचा वेष देऊन रस्त्यावर उभे केले. शिरस्त्राण न घालणाऱ्या दुचाकीस्वारांना हा यम अडवीत होता आणि लोक त्याच्यासह छायाचित्रे काढून घेत होते.

चामराजपेटचा तरुण आणि राईनपाड्याचे पाच जण यांनी कोणतेही सोंग घेतलेले नव्हते. तरीही ते सोंग घेऊन आले आहेत असे जमावाने मानले आणि सोंग म्हणजे फसवणूक असेही मानले. परक्याला ओळखण्याची जी रीत गावगाड्याने शतकानुशतके सांभाळली होती, ती येथे पूर्णपणे कोसळलेली होती. गोसावी दारात येतो, बहुरूपी दारात येतो, कोरवंजी दारात येते, आणि त्यांचे येणे ऋतूंच्या येण्यासारखे अपेक्षित असते. या अपेक्षेलाच ‘ओळख’ म्हणतात. नावगाव ठाऊक असण्याशी तिचा संबंध नाही. अनोळखी माणूस गावात येऊ शकतो आणि त्याचे काही काम असू शकते, एवढा विश्वास तिच्यात पुरेसा असतो. भ्रमणध्वनीवरून फिरलेल्या अफवांनी तो विश्वास मोडला असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. ज्यांची ओळख कायद्याने आधीच ‘गुन्हेगार’ आणि ‘भिकारी’ या दोन शब्दांवर आणून ठेवली होती, त्यांच्याविषयी अफवेला वेगळे काही सिद्ध करावे लागले नाही.

उलट हलसूर गेटचा यम आणि हेरोहळ्ळीचा अंतराळवीर यांना ओळख मिळविण्यासाठी धडपडावे लागले नाही. एकामागे पोलीस खाते होते. दुसऱ्यामागे नामवंत चित्रकार, शहरी प्रेक्षक आणि चित्रफीत होती. त्यांच्या कामाचे मोल यामुळे उणे होत नाही. अंतराळवीराने पालिकेला जे करायला लावले ते बहुरूप्याच्या परंपरेला शोभणारेच आहे: सत्तेला तिच्या दारात जाऊन हसविणे आणि हसताना लाजविणे. म्हैसूरच्या ‘रंगायण’ या नाट्यसंस्थेने आपल्या नाट्यमहोत्सवाला ‘बहुरूपी’ असे नाव दिले, आणि १९४८ मध्ये कोलकात्यात शंभू मित्रांनी स्थापन केलेल्या नाट्यसंस्थेचे नावही ‘बहुरूपी’. आधुनिक भारतीय रंगभूमीने आपला पूर्वज कोणाला मानले, हे या नामकरणांतून कळते. मात्र पूर्वजाचे नाव घेणे आणि त्याच्या वंशजाला दारात उभे राहू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोंगातून मिळणारे स्वातंत्र्य हा व्यक्तीचा गुण नव्हे. प्रेक्षकांनी ओळखून दिलेली ती मुभा आहे, आणि जो समाज ती देतो त्याच्या आत्मविश्वासाचे ते माप आहे. साहित्याने ही मुभा रस्त्यावरून उचलली, तिला ओवीत, भारुडात, नाटकात, मासिकात जतन केले आणि पुष्कळदा तिच्या जोरावर एरवी न सांगता येणारे सत्य सांगितले. हे ऋण मान्य करताना साहित्येतिहासाने आपले कालखंड फिरून वाचले पाहिजेत. ज्ञानदेवांच्या दृष्टांतापाशी थांबण्याऐवजी आधी चौडय्याच्या वचनांपाशी जावे लागेल, आणि ‘देवेंद्र कुरवंजी’चा भूगोल वाचताना ज्यांच्या नावावर तो सांगितला गेला त्या माणसांना पुढे कोणत्या गावाच्या वेशीपर्यंत जाण्याची परवानगी उरली, हेही विचारावे लागेल. बाराव्या शतकातील कल्याणात एका बहुरूप्याने आपला धंदा न सोडता आपल्या नावाने लिहिले. नऊशे वर्षांनंतरही त्याचे ते नाव त्याच्या धंद्यासहच घेतले जाते.